लहरीपाठोपाठ प्रकाशाचा शोध

दोन अतिजड वस्तू एकमेकींभोवती फिरत जवळ येऊ लागल्या, की त्यांच्या भोवतालचा अवकाश-काळ थरथरतो आणि ही थरथर प्रकाशाच्या वेगाने सर्व दिशांना पसरत जाते. तिला गुरुत्वीय लहर म्हणतात. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये अशा लहरींचे भाकीत केले. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जोडी सापडली. त्या जोडीची कक्षा वर्षागणिक आक्रसत होती आणि आक्रसण्याचा वेग आइन्स्टाइन यांच्या गणिताशी तंतोतंत जुळत होता. लहरी आहेत याचा हा पहिला, पण अप्रत्यक्ष पुरावा. प्रत्यक्ष लहर पकडली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर एकमेकांत मिसळली होती. सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाइतकी ऊर्जा त्यात लहरींच्या रूपाने बाहेर पडली. पृथ्वीवर त्याची खूण उमटली ती एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरती.

लायगोची दोन केंद्रे आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरे लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला. दोन्हीकडे काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आहेत. लेझरचा झोत दुभागून दोन्ही नळ्यांत सोडतात आणि टोकांच्या आरशांवरून परतलेले झोत पुन्हा एकत्र आणतात. लहर जाताना एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते आणि परतलेल्या झोतांचा मेळ बिघडतो. हा ‘किंचित’ म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाचा काहीशेवा हिस्सा. जमिनीची हालचाल, दूरवरच्या समुद्राच्या लाटा, आरशांच्या रेणूंची उष्णतेमुळे होणारी हालचाल या साऱ्यांचा गोंगाट त्याहून कितीतरी मोठा असतो.

त्या गोंगाटातून लहर वेगळी काढण्यासाठी ती कशी दिसेल हे आधीच माहीत असावे लागते. वेगवेगळ्या वस्तुमानांच्या जोड्यांसाठी लहरींचे लाखो नमुने गणिताने तयार केले जातात आणि येणारी नोंद त्या प्रत्येकाशी ताडून पाहिली जाते. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे काम अग्रभागी आहे. नमुने अचूक होण्यासाठी लागणारे अवघड गणित सोडवणाऱ्यांत बाला अय्यर यांचे नाव घ्यावे लागते. हे काम १९९० च्या दशकात झाले. लायगोने पहिली लहर पकडायला तेव्हा दोन दशके अवकाश होता आणि ती कधी पकडली जाईल याची खात्री जगात कोणालाच नव्हती. तेव्हा त्यासाठी वर्षानुवर्षे खपणे हे मोठ्या धीराचे काम होते.

लहरीतून पुष्कळ कळते. तिची कंपनसंख्या कशी चढत गेली यावरून वस्तूंचे वस्तुमान निघते. ती किती क्षीण होऊन पोचली यावरून अंतर निघते. दिशा मात्र तिच्यातून सहजासहजी निघत नाही, कारण वेधशाळा एकाच वेळी जवळजवळ सगळ्या आकाशातून येणाऱ्या लहरी टिपत असते. दिशा काढायची तर एकापेक्षा जास्त केंद्रांवरच्या वेळा ताडून पाहाव्या लागतात. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यातले अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे. ते कापायला प्रकाशाला १० मिलिसेकंद लागतात, म्हणून दोन नोंदींतला फरक जास्तीत जास्त तेवढाच असू शकतो. त्या फरकावरून आकाशात एक कडे आखता येते आणि घटना त्या कड्यावर कुठेतरी असते. तिसरे केंद्र असेल तर दुसरे कडे मिळते आणि दोन्ही एकमेकांना छेदतात तेवढाच भाग शोधायचा उरतो. या शास्त्रातल्या सगळ्या धावपळीचे मूळ या एका अडचणीत आहे.

दोन कृष्णविवरे मिसळतात तेव्हा सहसा प्रकाश बाहेर पडत नाही, त्यामुळे तिथे दुर्बिणींच्या हाती फारसे काही लागत नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांचे तसे नाही. न्यूट्रॉन तारा म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. त्यात सूर्याहून अधिक द्रव्य जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोलात कोंबलेले असते. असे दोन गोल आदळले की काही द्रव्य बाहेर फेकले जाते. ते न्यूट्रॉनांनी गच्च भरलेले असते, म्हणून त्यातली अणुकेंद्रे सेकंदभरात न्यूट्रॉन गिळत जड होत जातात. अशी अस्थिर केंद्रे पुढे किरणोत्साराने क्षय पावतात आणि फेकलेला ढग काही दिवस उजळतो. या उजेडाला किलोनोव्हा म्हणतात. तो झपाट्याने मावळतो. लहर आली, तिची नोंद झाली, पण नेमकी जागा कळायला आठवडा लागला, तर दुर्बीण तिकडे वळेपर्यंत पाहण्यासारखे थोडेच उरलेले असते.

एकाच घटनेकडे लहरी, प्रकाश, न्यूट्रिनो अशा वेगवेगळ्या वाटांनी पाहण्याला मल्टी-मेसेंजर खगोलशास्त्र असे नाव आहे. त्याची चुणूक १९८७ मध्येच मिळाली होती. मोठ्या मॅजेलनी मेघात एका ताऱ्याचा स्फोट झाला. जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत यंत्रांनी त्यातून आलेले सुमारे २५ न्यूट्रिनो टिपले. प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी ते पोचले होते, कारण प्रकाशाला ताऱ्याच्या थरांतून वाट काढायला वेळ लागतो आणि न्यूट्रिनो आरपार निघून येतात. लहरी आणि प्रकाश या जोडीला मात्र आणखी तीस वर्षे वाट पाहावी लागली.

तो दिवस १७ ऑगस्ट २०१७ चा. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटे झाली होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी उपग्रहाने सुमारे दोन सेकंदांचा गॅमा किरणांचा स्फोट टिपला आणि १४ सेकंदांत त्याची सूचना जगभर आपोआप गेली. असे स्फोट नेहमी नोंदले जातात, त्यामुळे त्यावरून कोणी दचकले नाही. सहा मिनिटांनी हॅनफर्डच्या संगणकाने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांसारखी एक लहर दाखवली. तिचा शेवट गॅमा स्फोटाच्या १.७ सेकंद आधी झालेला होता.

आता प्रश्न असा होता, की हॅनफर्डला इतकी ठळक दिसलेली लहर लिव्हिंग्स्टनच्या यंत्रणेने का कळवली नाही? शास्त्रज्ञांनी तिथली नोंद उघडून पाहिली. वेळ आडवी आणि कंपनसंख्या उभी मांडलेल्या त्या चित्रात डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एक बारीक वक्र रेघ साध्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसत होती. लहर तिथे होतीच, उलट हॅनफर्डहून जोरकस होती. पण टक्कर होण्याच्या सुमारे एक सेकंद आधी यंत्रात उपकरणाचाच एक झटका आला होता. तो पाव सेकंदही टिकला नव्हता, तरी त्या रेघेवर एक जाड उभा डाग पडला आणि स्वयंचलित तपासणीने तेवढा भाग सदोष म्हणून बाजूला टाकला. झटक्याचा तुकडा हाताने काढून नोंद पुन्हा तपासावी लागली. लहर यंत्रांच्या टप्प्यात जवळजवळ १०० सेकंद होती. इतका लांब आणि इतका ठळक संदेश त्याआधी मिळालेला नव्हता.

सुमारे चाळीस मिनिटांत दुर्बिणींच्या गटांना पहिली लेखी सूचना गेली. कुठे पाहायचे ते मात्र अजून सांगता येत नव्हते. इटलीत पिसाजवळ असलेली तिसरी वेधशाळा, व्हर्गो, १ ऑगस्टलाच निरीक्षणात सामील झाली होती आणि निरीक्षणांचा तो टप्पा २५ ऑगस्टला संपायचा होता. म्हणजे तिन्ही केंद्रे एकत्र चालू असण्याच्या अवघ्या काही आठवड्यांत ही घटना पडली. व्हर्गोची नोंद पोचायला उशीर झाला, आणि पोचली तेव्हा तिच्यात लहर जवळजवळ नव्हतीच.

व्हर्गोचे हे मौनच सर्वांत उपयोगी ठरले. अशा वेधशाळेला काही दिशा अंध असतात. त्या दिशांतून लहर आली तर दोन्ही भुजा सारख्याच बदलतात आणि फरक उमटत नाही. व्हर्गो चालू होती, लहर तिला दिसावी इतकी जोरदार होती, तरीही ती दिसली नाही. तेव्हा घटना व्हर्गोच्या अंध दिशेजवळ असली पाहिजे. लायगोच्या दोन केंद्रांवरून शोधायचा भाग १९० चौरस अंश निघत होता, तो व्हर्गोमुळे ३१ वर आला. पौर्णिमेचे सुमारे दीडशे चंद्र शेजारी-शेजारी मांडले तर जेवढे आकाश व्यापेल, तेवढा हा भाग. तो वासुकी तारकासमूहाच्या दिशेला होता. घटनेनंतर साधारण पाच तासांनी हा नकाशा दुर्बिणींकडे गेला.

आकाशाचा तो भाग सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला दिसत होता आणि नकाशा हाती आल्यानंतर पुरेसा अंधार सर्वांत आधी चिलीत पडणार होता. तिथल्या लास कँपानास वेधशाळेत स्वोप नावाची एक मीटर व्यासाची जुनी दुर्बीण आहे. तिच्या दृष्टिक्षेत्रात एवढा मोठा भाग मावणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या गटाने वेगळी वाट धरली. लहरीवरून अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे निघाले होते. त्या दिशेला, तेवढ्या अंतरावर माहीत असलेल्या दीर्घिका साधारण पन्नासच होत्या. त्यांची यादी करून, जिथे ताऱ्यांचे वस्तुमान जास्त त्या आधी, असा क्रम लावून एकेक छायाचित्र घेतले गेले आणि जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले गेले. एनजीसी ४९९३ या दीर्घिकेजवळ आधी नसलेला एक ठिपका सापडला. टक्कर होऊन तोवर सुमारे ११ तास झाले होते. पुढच्या तासाभरात आणखी पाच गटांना आपापल्या दुर्बिणीतून तोच ठिपका दिसला. मोठ्या दुर्बिणींच्या जगात एका मीटरच्या दुर्बिणीने हा मान मिळवला तो नेमकी यादी हाती असल्यामुळे.

शेजारच्या मॅजेलन दुर्बिणींनी त्याच रात्री वर्णपट घेतला. पहिल्या दिवशी ठिपका निळा आणि अतितप्त होता. स्विफ्ट उपग्रहाला त्यात अतिनील प्रकाश जोरदार दिसला, पण तो दोन-तीन दिवसांत मावळला. मग ठिपका लालसर होत गेला आणि नंतर मुख्यतः अवरक्त प्रकाशातच दिसत राहिला. ज्ञात सुपरनोव्हांपैकी एकही असा वागत नाही. किलोनोव्हाची गणिते मात्र नेमके हेच सांगत होती. जड मूलद्रव्ये निळा प्रकाश अडवतात, त्यामुळे जिथे ती जास्त तयार झाली तो भाग लालसर आणि जास्त दिवस टिकणारा. बाहेर फेकलेले द्रव्य सूर्याच्या वस्तुमानाच्या काही शतांश होते आणि प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांश ते तीन दशांश वेगाने पसरत होते. २०१९ मध्ये त्या वर्णपटांच्या फेरतपासणीत स्ट्रॉन्शियमची खूण ओळखू आली. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत तयार झालेले एखादे मूलद्रव्य अशा रीतीने ओळखले गेले ते पहिल्यांदाच. सोने आणि प्लॅटिनमही त्याच प्रक्रियेतून बनतात, आणि या एका टकरीत बनलेले सोने अनेक पृथ्वींच्या वजनाइतके असावे असा अंदाज आहे. दागिन्यातले सोने कुठून आले या प्रश्नाचे उत्तर आतापर्यंत गणितात होते, या घटनेने त्याला निरीक्षणाचा आधार दिला.

क्ष-किरण आणि रेडिओ लहरी मात्र लगेच मिळाल्या नाहीत. चंद्रा उपग्रहाला क्ष-किरण दिसले नवव्या दिवशी, तर अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीला रेडिओ लहरी मिळाल्या सोळाव्या दिवशी. त्याच सुमारास ती दीर्घिका सूर्याच्या इतकी जवळ गेली, की दृश्य प्रकाशातले निरीक्षण काही महिने थांबले. रेडिओ दुर्बिणींना सूर्याचा तसा अडसर नसतो, त्यामुळे पाठपुरावा त्यांच्याकडे आला. त्यात नारायणगावजवळ खोडदला असलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटीही होती. कमी कंपनसंख्येच्या रेडिओ लहरींत ही दुर्बीण जगातल्या सर्वांत सक्षम दुर्बिणींपैकी आहे. रेडिओ तेज सुमारे पाच महिने वाढत राहिले आणि मग उतरले. खंडाखंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेल्या निरीक्षणांत रेडिओचा ठिपका आकाशात सरकताना दिसला. त्यावरून टकरीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाचा एक अरुंद फवारा सुटला होता आणि पृथ्वी त्याच्या अगदी समोर नव्हती, हे कळले. इतक्या जवळ घडूनही गॅमा स्फोट फिका का होता, याचा उलगडा त्यातून झाला.

गॅमा किरण लहरीनंतर १.७ सेकंदांनी आले, याचेही मोल मोठे आहे. दोन्ही १३ कोटी वर्षे प्रवास करून आले आणि त्यांच्यात फरक पडला दोन सेकंदांहून कमी. तोही बहुधा टकरीनंतर फवारा बाहेर पडायला लागलेल्या वेळेचा. म्हणजे गुरुत्वीय लहरींचा आणि प्रकाशाचा वेग एकच आहे, आणि फरक असलाच तर तो एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांतला फार तर काही भाग. दोन्ही वेग वेगळे मानणारे गुरुत्वाचे कित्येक सिद्धांत एका दिवसात बाद झाले. लहरीवरून अंतर आणि दीर्घिकेच्या वर्णपटावरून दूर जाण्याचा वेग अशी जोडी मिळाल्याने विश्वाच्या प्रसरणाचा दरही स्वतंत्रपणे काढता आला. तो दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर निघाला. त्यातली अनिश्चितता अजून बरीच आहे. अशा आणखी कित्येक घटना मिळाल्या तरच ती आक्रसेल.

आणखी घटना मिळणे तितकेसे सोपे नाही, हे २५ एप्रिल २०१९ रोजी दिसले. त्या दिवशी न्यूट्रॉन ताऱ्यांची दुसरी टक्कर नोंदली गेली, अंतर सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे. हॅनफर्ड त्या वेळी बंद होते आणि व्हर्गोला लहर फारच क्षीण मिळाली, म्हणजे भरवसा होता तो एकट्या लिव्हिंग्स्टनच्या नोंदीवर. शोधायचा भाग निघाला १०,००० चौरस अंशांहून अधिक, साऱ्या आकाशाचा जवळजवळ चौथा हिस्सा. कॅलिफोर्नियातली झ्विकी ही रुंद दृष्टिक्षेत्राची दुर्बीण दोन रात्रींत त्यातला मोठा भाग पालथा घालू शकली. मिळालेले शेकडो संशयित ठिपके एकेक करून बाद झाले आणि अपेक्षित प्रकाश सापडला नाही.

संशयित बाद करण्याचे हे काम वरवर दुय्यम वाटते, पण पाठपुराव्यातला सर्वांत मोठा वेळ त्यातच जातो. आकाशात रोज कुठे ना कुठे काही उजळत असते. जानेवारी २०१७ मध्ये दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर आली आणि तिच्या नकाशात एक नवा ठिपका झटपट मावळताना दिसला. दोन्हींचा संबंध असता तर ती खळबळजनक बातमी ठरली असती. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणाच्या नोंदींत मात्र लहरीनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक गॅमा स्फोट सापडला. तो ठिपका त्या स्फोटाचा होता, लहरीशी त्याचा संबंध नव्हता. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयुका आणि आयआयटी मुंबई येथील संशोधकांचा या उलगड्यात वाटा होता.

२०१७ पर्यंत लहरींच्या सूचना करार केलेल्या गटांनाच गुप्तपणे जात. एप्रिल २०१९ पासून त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. हा निर्णय फार योग्य होता, कारण दिवस-रात्रीचे चक्र आणि ढग लक्षात घेता पृथ्वीवरची कोणती दुर्बीण योग्य जागी असेल हे आधी कोणीच सांगू शकत नाही. मे २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या निरीक्षण-टप्प्यात पहिली स्वयंचलित सूचना बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघू लागली. सूचना संगणकाने वाचायची, दुर्बिणीने स्वतः वळायचे आणि माणसाने नंतर तपासायचे, अशी रचना आता रुळली आहे. लडाखमध्ये हानले येथे २०१८ पासून चालू असलेली ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण याच रीतीने चालते. ती बंगळूरुची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून उभारली. चिली आणि हवाई बेटांवर उजाडलेले असते तेव्हा हानलेत रात्र असते, म्हणून तिथली छोटी दुर्बीणही महत्त्वाची. चिलीतच उभ्या राहिलेल्या ८.४ मीटरच्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे दृष्टिक्षेत्र ९.६ चौरस अंशांचे आहे, त्यामुळे दूरच्या, फिक्या किलोनोव्हांचा शोध तिच्या आवाक्यात येईल.

दुर्बिणी कितीही वाढल्या तरी नकाशा लहान व्हायला हवा, आणि तो लहान होतो लहरींची केंद्रे वाढल्याने, तीही एकमेकांपासून दूर असल्याने. जपानमधली कामिओका येथील भूमिगत काग्रा हे चौथे केंद्र. पाचवे मराठवाड्यात होत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचा बांधकाम विभाग हे काम करत आहेत. भुजा अमेरिकेतल्याप्रमाणेच चार किलोमीटरच्या असतील. जागा निवडताना जमिनीखालची शांतता, सपाट पृष्ठभाग आणि महामार्ग-कारखान्यांपासूनचे अंतर पाहिले गेले. हिंगोली आणि अमेरिकेतली केंद्रे यांच्यात लहर पोचण्याच्या वेळेत ३५ ते ४० मिलिसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, अमेरिकेतल्या दोघांत फार तर १०. वेळेतला फरक जितका मोठा, तितकी दिशा नेमकी. शिवाय केंद्रे जास्त असली, की एखादे बंद पडले किंवा एखाद्याची अंध दिशा आड आली तरी बाकीच्यांच्या नोंदींवरून नकाशा वेळेत निघतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये नेमकी याच गोष्टीची उणीव होती.